गोष्टीचा शेवट कोण सांगणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लेकराच्या हातून काही वाईट घडलं, की आपण आधी विचारतो, ‘हे यानं कुठं बघितलं?’ प्रश्न रास्त आहे. मूल जे बघतं ते करतं, हे आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होतं. पण या प्रश्नाला आपल्याकडे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो वाचताना एक गोष्ट लक्षात येते. दर पंधरा-वीस वर्षांनी आरोपी बदलतो, आरोप मात्र तोच राहतो. आधी सिनेमा होता, मग टीव्ही आला, मग केबल, मग मोबाइलवरचे खेळ आणि आता फोनवर येणाऱ्या चित्रफिती. प्रत्येक वेळी म्हटलं गेलं, की आधीची पिढी बरी होती. त्या आधीच्या पिढीलाही तिच्या काळात हेच ऐकावं लागलं होतं.

पडदा येण्यापूर्वी आपली लेकरं फुलापाखरांच्याच गोष्टी ऐकत होती, असं काही नाही. कीर्तनात कीचकवध रंगायचा. जत्रेत शाहीर डफावर थाप मारून लढाया सांगायचा. आमच्या घरी नानी रात्री अमीर हमजाची दास्तान सांगायची, तिच्यात राक्षसांची मुंडकी उडायची. मोहरमच्या दिवसांत करबलाची कहाणी ऐकताना लहान-थोर सगळेच रडायचे. म्हणजे गोष्टींत रक्त होतंच. फरक इतकाच, की सांगणारं माणूस समोर बसलेलं असायचं. लेकरू घाबरलं की नानी थांबायची, पाठीवरून हात फिरवायची आणि गोष्ट शेवटाला नेल्याशिवाय कुणाला झोपू द्यायची नाही.

मग पडदा आला. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ आणला. १९१९ साली त्यांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांच्याच लहानग्या मुलीनं, मंदाकिनीनं, बाळकृष्णाची भूमिका केली. एक चिमुरडं पोर अक्राळविक्राळ नागाशी झुंजतं, त्याला नमवतं, हे दृश्य लोकांनी डोक्यावर घेतलं. मुलं नागाला मारायला शिकतील, अशी भीती तेव्हा कुणाला वाटली नाही. गोष्ट ओळखीची होती, शेवट सगळ्यांना पाठ होता.

भीती वाटली ती परदेशी चित्रपटांची. अमेरिकेहून मारामारीचे, पाठलागाचे, भागाभागांचे चित्रपट येत आणि ते इथं जोरात चालत. ब्रिटिश सरकारनं १९१८ साली सिनेमॅटोग्राफ कायदा केला आणि १९२० साली मुंबईसारख्या शहरांत सेन्सॉर मंडळं बसवली. पुढं १९२७ साली दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिनं ४,३२५ प्रश्नावल्या पाठवल्या, १,४९१ उत्तरं गोळा केली आणि ३५३ साक्षीदारांना समोर बोलावलं. दादासाहेब फाळक्यांनीही समितीला आपलं म्हणणं सांगितलं. गांधीजींनी कळवलं, की मी कधी सिनेमाला गेलेलो नाही. पण त्याबद्दलचं त्यांचं मत वाईटच होतं. समितीचा अहवाल १९२८ साली आला. चित्रपटांमुळे देशाची नीती ढासळते आहे हा आरोप तिनं सरसकट मान्य केला नाही. उलट देशी चित्रपटांना उत्तेजन द्या, अशी शिफारस केली.

आपलं सेलू, परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. त्या चौकशीचा आपल्याशी थेट संबंध नव्हता. पण तिथं विचारलेले प्रश्न पुढं स्वतंत्र भारतात जसेच्या तसे आले. १९५४ साली दिल्लीतल्या सुमारे १३ हजार महिलांनी पंतप्रधान नेहरूंकडे अर्ज केला, की चित्रपटांमुळे आमची मुलं बिघडत आहेत, शाळा बुडवत आहेत, याला आवर घाला. त्याच साली अमेरिकेत फ्रेड्रिक वर्दम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं चित्रकथांच्या पुस्तकांमुळे मुलं गुन्हेगार होतात, असं सांगणारं पुस्तक लिहिलं. तिकडे एवढा गदारोळ झाला, की प्रकाशकांनी स्वतःवरच कडक नियम लादून घेतले. पुढं २०१२ साली कॅरल टिली या अभ्यासिकेनं वर्दमची मूळ कागदपत्रं तपासली, तेव्हा त्यानं मुलांच्या कहाण्यांमध्ये सोयीचे फेरफार केल्याचं दिसून आलं. भीती खरी होती, पण पुरावा ठोकठाक करून बसवलेला होता.

याच काळात आपल्याकडच्या एका चित्रपटानं हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं विचारला होता. १९५१ सालचा ‘आवारा’. त्यातल्या न्यायाधीशाला ठाम वाटतं, की चोराचा मुलगा चोरच होणार. चित्रपट म्हणतो, नाही, मुलाला चोर करते ती त्याच्या भोवतीची दुनिया. ही कथा लिहिली ख्वाजा अहमद अब्बास आणि आपल्या व्ही. पी. साठे यांनी. योगायोग बघा, याच अब्बास साहेबांवर पुढं मुलांनी काय बघावं यावरून सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वेळ आली. त्यांच्या ‘चार शहर एक कहानी’ या माहितीपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. सेन्सॉरनं सांगितलं, हा फक्त प्रौढांसाठी. अब्बास म्हणाले, हा सर्वांसाठी. २४ सप्टेंबर १९७० रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या न्यायालयानं निकाल दिला. चित्रपट इतर कलांपेक्षा मन अधिक ढवळतो, आणि मुलांवर तर त्याचा परिणाम फारच होतो, कारण पडद्यावरचं ते चटकन खरं धरून चालतात, असं न्यायालयानं म्हटलं आणि सेन्सॉरची पद्धत कायम ठेवली. मात्र कलेला श्वास घ्यायला जागा राहिली पाहिजे, हेही बजावलं.

यानंतर पाच वर्षांनी, १५ ऑगस्ट १९७५ला, ‘शोले’ आला. आणीबाणीचा काळ होता. मूळ चित्रपटात ठाकूर आपल्या खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरनं ते मान्य केलं नाही. पोलीस खात्यात नोकरी केलेला माणूस कायदा हातात घेतो, हे दाखवू नका, असा आग्रह होता. मग शेवट बदलला, पोलीस आले आणि गब्बर तुरुंगात गेला. मूळ शेवटासह ‘शोले’ पडद्यावर यायला २०२५ साल उजाडावं लागलं.

आमच्या सेलूत तो दोन-तीन वर्षांनी आला असेल. रिळांच्या पेट्या मीटरगेज गाडीनं यायच्या. नंतर कित्येक महिने आम्ही पोरं दुसरं काही खेळलोच नाही. गंमत अशी, की सरकारनं काळजी घेतली ती ठाकूर काय करतो याची, आणि आम्हा सगळ्यांना व्हायचं होतं गब्बर! त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या, चौकाचौकात वाजल्या. पुढं तर बिस्किटाच्या जाहिरातीतही गब्बर आला. ज्याच्या नावानं पडद्यावरच्या आया मुलांना झोपवत होत्या, तोच आता लेकरांना बिस्किटं विकू लागला. पण त्या पिढीतले आम्ही काही डाकू झालो नाही. कुणी शिक्षक झालं, कुणी अडत दुकानात बसलं, कुणी शेती केली. माझ्यासारखा एखादा कविता करू लागला.

आमचा दुसरा आवडता खेळ अफझलखानाचा वध हा होता. इथं मला एक अडचण असायची. नाव मुसलमानाचं, त्यामुळे खान कायम मीच. शिवाजी महाराज व्हायची माझी पाळी कधीच यायची नाही. पत्र्याची वाघनखं पोटाला लागायची आणि मी मेल्यावरही दोन-चार बुक्क्या जास्तीच्या बसायच्या. एकदा आमच्या गुरुजींनी हा खेळ पाहिला. रागावले नाहीत. आम्हाला खाली बसवलं आणि म्हणाले, ‘अर्धीच गोष्ट खेळता रे तुम्ही. पुढचं कोण सांगणार?’ मग त्यांनी सांगितलं, की प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाची कबर आहे. वैर मेल्यावर संपलं. महाराजांच्या फौजेत मुसलमान सरदार आणि शिपाई होते आणि खानाच्या बाजूला मराठे सरदारही होते, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या खेळात एक नवा प्रवेश आला. खान मेला की सगळे उभे राहून त्याला माती द्यायचे. आणि गुरुजींच्या हुकमानं खान आळीपाळीनं होऊ लागला. वाघनखं तीच होती, पण मला त्यांची भीती वाटेनाशी झाली.

गुरुजींनी जे सहज केलं, ते शास्त्रानं प्रयोगशाळेत तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेत अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९६१ साली ७२ लहान मुलांवर एक प्रयोग केला. मोठं माणूस हवेच्या बाहुल्याला बडवताना ज्या मुलांनी पाहिलं, त्यांनीही मग तसंच बडवलं. हा प्रयोग जगभर गाजला. त्याचा १९६५ सालचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. त्या वेळी मुलांना दाखवलेल्या फिल्मचे शेवट तीन होते. एकात मारणाऱ्याला बक्षीस मिळतं, दुसऱ्यात शिक्षा होते, तिसऱ्यात काहीच होत नाही. शिक्षेचा शेवट पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर खाऊ-चित्रं देतो, करून दाखवा, असं म्हटल्यावर सगळ्या गटांतल्या मुलांनी ते सारखंच करून दाखवलं. म्हणजे शिकली सगळीच होती. करायचं की नाही, हे ठरत होतं शेवटावर आणि मोठी माणसं कशाला शाबासकी देतात यावर.

आता आपल्या टीव्हीकडे येऊ. जानेवारी १९८७मध्ये ‘रामायण’ सुरू झालं, ऑक्टोबर १९८८मध्ये ‘महाभारत’. रविवारी सकाळी सगळ्या गावाचे रस्ते ओस पडायचे. ‘महाभारत’चे संवाद लिहिले होते डॉ. राही मासूम रझा यांनी. अंगणाअंगणात खराट्याच्या काड्यांचे बाण सुटू लागले. धनुष्यबाणानं मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या जखमा नेत्रतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. त्या बाणांत वैर नव्हतं, पण डोळा जायचा तो जायचाच. म्हणून नकलेची भीती पोकळ आहे, असं मी म्हणणार नाही. मूल हिंसेचा हेतू उचलतं की नाही यावर वाद होईल. हिंसेची कृती मात्र ते नक्की उचलतं.

त्याच सुमारास, १९८८च्या जानेवारीत, दूरदर्शनवर गोविंद निहलानींची ‘तमस’ दाखवली गेली. फाळणीच्या दंगलींची ती कथा, भीष्म साहनींच्या कादंबरीवरची. हिनं दंगे भडकतील म्हणून बंदी घाला, असा अर्ज मुंबईत झाला. उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, बख्तावर लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी, मालिका स्वतः पाहिली आणि बंदीला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम केलं. हिंसा दाखवणं आणि हिंसेची चटक लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या निकालाचा आशय मला फार मोलाचा वाटतो.

१९९७ साली ‘शक्तिमान’ आला. शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी उड्या मारल्या, पेटवून घेतलं, अशा बातम्या आल्या. त्यांतल्या किती खऱ्या, यावर पुढं वादही झाला. पण एक चांगलं झालं. खुद्द शक्तिमान झालेले मुकेश खन्ना पडद्यावर येऊन मुलांना सांगू लागले, की हे खरं नसतं, असं करू नका. मालिकेच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ असायच्याच. गोष्टीचा शेवट सांगणारं माणूस निदान आठवड्यातून एकदा पडद्यावर येत होतं.

मग घरोघर केबलचे जाळे पसरले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी उच्च न्यायालयात गेल्या. थिएटरच्या दारात ज्या मुलाला अडवलं जातं, त्यालाच घरात तोच चित्रपट दुपारी बघता येतो, हे कसं, असा त्यांचा साधा सवाल होता. डिसेंबर २००५मध्ये न्यायालयानं आदेश दिला, की केबलवर ‘यू’ आणि ‘यू/ए’ प्रमाणपत्राचेच चित्रपट दाखवा. २०२४च्या नियमांनी तर ‘यू/ए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन भाग केले. नियम चांगलेच आहेत. पण टॉकीजच्या दारावर तिकीट फाडणारा द्वारपाल होता. फोनला दारही नाही आणि द्वारपालही नाही.

फोन आल्यावर जुनी भीती नव्या वेगानं पसरू लागली. जुलै २०१७मध्ये मुंबईत एका चौदा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि ‘ब्लू व्हेल’ या खेळाचं नाव घराघरात गेलं. शाळांनी सूचना काढल्या, पालकांची झोप उडाली. जानेवारी २०१८मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं, की तपासलेल्या कुठल्याही प्रकरणात या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. मुलांच्या मनात खरोखर काय चाललं होतं, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला. पुढं ‘पबजी’. २०१९च्या जानेवारीत अकरा वर्षांच्या एका मुलानं आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात या खेळावर बंदी मागितली. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या शेजारच्या हिंगोलीत, जी १९९९पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती, रुळांजवळ पबजी खेळण्यात गुंगलेले दोन तरुण रेल्वेखाली सापडले. खेळातल्या बंदुकीनं त्यांना खुनी बनवलं नव्हतं. तिनं त्यांना येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू दिला नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली खरी, पण ११८ चिनी म्हटल्या गेलेल्या अ‍ॅपांबरोबर, देशाच्या सुरक्षेच्या कारणानं. लेकरांच्या कारणानं नव्हे.

हा सगळा इतिहास मुलांच्या बिघडण्याचा. आता मोठ्यांचं ऐका. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव. आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे आहेत, अशा संशयावरून जमावानं त्यांना ठेचून मारलं. त्या महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपवर मुलं पळवणाऱ्यांच्या चित्रफिती देशभर फिरत होत्या. त्यांतली एक, मोटारसायकलवरून मूल उचलून नेणाऱ्यांची, मुळात कराचीत पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. तिच्या शेवटी ते लोक मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांना जपा, असा फलक धरतात. कुणीतरी तो शेवटच कापला आणि उरलेलं पुढं पाठवलं. लेकरांना जपायला बनवलेली फिल्म शेवट कापल्याबरोबर माणसं मारायला कारण झाली.

त्याच रात्री मालेगावातही असाच जमाव एका कुटुंबावर धावून गेला होता. तिथं एका स्थानिक तरुणानं त्यांना आपल्या घरात घेतलं, पोलीस आले आणि ती माणसं वाचली. दोन्ही ठिकाणी फोन होते, चित्रफिती होत्या, भीतीही होती. फरक पडला तो दार उघडणाऱ्या एका माणसामुळे.

राईनपाड्याच्या मारहाणीचीही चित्रफीत निघाली आणि तीही फिरली. तेव्हापासून अशा किती आल्या, आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. आमच्या घरातल्या नऊ वर्षांच्या नातवानं मध्यंतरी मला एक दाखवली. दाढीवाल्या एका म्हाताऱ्याला पाच-सहा पोरं मारत होती. ती कुठली, कधीची, काही कळत नव्हतं. मारहाण ऐन रंगात असताना ती संपली. पोरानं माझ्याकडे बघितलं, माझ्या दाढीकडे बघितलं आणि विचारलं, ‘नाना, फिर उनका क्या हुआ?’ मला उत्तर ठाऊक नव्हतं. दोन दिवस शोधलं, तेव्हा कुठं बातमी सापडली. म्हातारबाबा दवाखान्यातून घरी गेले होते. मारणाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला होता. तक्रार द्यायला शेजारचे दोन गावकरी सोबत गेले होते, त्यांतला एकही आमच्या धर्माचा नव्हता. मी ते त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या रात्री तो झोपला. मी जागा होतो. देशात अशी कितीतरी लेकरं असतील, काही मार खाणाऱ्याच्या जागी स्वतःच्या आजोबाला बघणारी आणि काही मारणाऱ्यांच्या जागी आपल्या थोरल्या भावाला. दोघांनाही पुढचं सांगायला शेजारी कुणी बसलेलं नसेल.

शास्त्र आज काय म्हणतं? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२० साली हिंसक खेळांबद्दलचे अभ्यास पुन्हा तपासून सांगितलं, की त्यांचा ओरडणं, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी थोडा पण नक्की संबंध दिसतो. खून-मारामाऱ्यांसारख्या गंभीर हिंसेचं खापर मात्र त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. तशा हिंसेमागे बरीच कारणं असतात. घरात मार खाणारं, एकटं पडलेलं मूल पडद्याआधीच दुखावलेलं असतं.

म्हणून मला वाटतं, बंदीची मागणी करण्याआधी आपण तीन साधी कामं करावीत. पहिलं, लेकरू काय बघतं ते त्याच्या शेजारी बसून बघावं. दुसरं, मारहाणीची चित्रफीत आपल्याकडे आली तर ती पुढं पाठवू नये. आपलं बोट थांबलं की एक फांदी तरी तुटते. आणि तिसरं, त्यानं ‘पुढं काय झालं?’ विचारलं तर ‘जा, अभ्यास कर’ म्हणू नये. उत्तर शोधून द्यावं, मार खाणाऱ्याचं काय झालं, मारणाऱ्याचं काय झालं आणि दार कुणी उघडलं, हे सांगावं. कायदा वय ठरवून देईल, न्यायालय वेळ ठरवून देईल. पण रात्री अंथरुणाशी बसून गोष्ट शेवटाला नेण्याचं काम कुठल्याही मंडळाकडे सोपवता येत नाही. ते घरातल्या मोठ्या माणसालाच करावं लागतं.